वास तोच, मग भाव कमी का? सुगंधी गवतांच्या तेलाबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं

पाऊस उघडल्यापासून इंदूरच्या आसपासच्या मराठी शेतकऱ्यांचे सुगंधी पिकांबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. सोयाबीनच्या भावाला कंटाळून कुणी बांधावर गवती चहा लावलाय, तर कुणी दोन-तीन बिघ्यांत रोशा, म्हणजे गुलाबाच्या वासाचं तिखाडी गवत. सगळ्यांना एकत्रच लिहितो. सांवेरच्या भाऊंचं दुखणं सगळ्यांनाच कधी ना कधी होणार आहे, म्हणून त्यांचं उत्तर जरा मोठं झालंय.

प्रश्न, सांवेर: "वाड्यात आजीच्या वेळेपासून गवती चहाचं बेट आहे. त्यातले फुटवे काढून अर्धा एकर लावला. भाड्याच्या भट्टीवर तेल काढलं. व्यापाऱ्यानं नळीत स्पिरिट घेऊन चार थेंब टाकले, हलवलं, तर दुधासारखं पांढरं झालं. 'मिलावट है' म्हणून निम्म्या भावात मागतो. आम्ही थेंबभरही भेसळ केलेली नाही."

भाऊ, भेसळ तुम्ही केलेली नाही आणि व्यापाऱ्याची चाचणीही खोटी नाही. घोळ बेटात आहे. आपल्या दारात चहात टाकायला असतो तो रुंद पानाचा गवती चहा, शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन सिट्रॅटस. तेलासाठी लावतात तो वेगळा, सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओसस. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेची 'कृष्णा' ही जात त्यातलीच. नाकाला दोन्ही सारखेच, कारण दोन्हींचा लिंबाचा वास सिट्रालचा आहे. सिट्राल म्हणजे जिरॅनियल आणि नेरल या जुळ्या भावांची जोडी, चांगल्या तेलात ती 75 ते 85 टक्के असते. फरक उरलेल्या भागात आहे. दारातल्या चहाच्या तेलात मायर्सीन नावाचा हायड्रोकार्बन बराच असतो. तो हवेशी खेळून चिकट, लांब साखळ्या करतो आणि त्या साखळ्या 70 टक्के अल्कोहोलमध्ये, म्हणजे व्यापाऱ्याच्या स्पिरिटमध्ये, विरघळत नाहीत. म्हणून नळी पांढरी झाली. फ्लेक्सुओससचं ताजं तेल त्याच स्पिरिटमध्ये स्वच्छ राहतं.

पण अजून एक गोष्ट आधी बघा. तेलाची बाटली खिडकीशी उजेडात धरा. स्पिरिट न घालताच तेल गढूळ दिसत असेल, तर त्यात पाणी राहिलंय. सेपरेटरमधून तेल काढताना घाई केली की असं होतं. रात्रभर स्थिर ठेवून वरचं तेल हलकेच काढा, त्यात निर्जल सोडियम सल्फेटचे दाणे टाका, हलवा, गाळा. मग तीच चाचणी परत करायला सांगा. तरीही दूध झालं, तर बेट बदलायची वेळ आली. असलेलं तेल टाकून देऊ नका, साबण आणि फिनाइलवाले घेतात, मात्र अत्तराचा भाव मागू नका.

पुढच्या वेळी रोपं घ्याल तेव्हा जातीचं नाव पावतीवर लिहून घ्या. कापणी जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर वर करा. पावसाची झड चालू असताना कापू नका. कापलेलं गवत सावलीत थोडं सुकवून मग टाकीत भरा, म्हणजे एका घाण्यात जास्त गवत मावतं. तेल अॅल्युमिनियमच्या किंवा स्टीलच्या कॅनमध्ये गळ्यापर्यंत भरा, वर हवा राहू देऊ नका. प्लास्टिकचा कॅन चालत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका उन्हाळ्यात नमुन्याचं तेल मी स्वतः प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ऑफिसच्या खिडकीत विसरलो होतो. दिवाळीला पाहिलं तर कॅनची दोन्ही पोटं आत ओढली गेलेली, तेल चहाच्या रंगाचं आणि वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. सिट्राल हवेनं आणि उजेडानं असंच मरतं.

भाव ठरवताना वाद नको असेल, तर सीमॅपमध्ये किंवा कनौजच्या सुगंध एवं सुरस विकास केंद्रात गॅस क्रोमॅटोग्राफी करून घ्या. कागदावर सुळके येतात, प्रत्येक सुळका म्हणजे एक घटक, आणि शेजारी त्याची टक्केवारी. व्यापारी त्याच कागदाशी बोलतो, तुमच्या शपथेशी नाही.

प्रश्न, देपालपूर: "शेजाऱ्याकडून रोशाचं बी आणलं. पीक झकास आलं, पण तेलाला गुलाबाऐवजी सुंठेसारखा वास येतो."

तुमच्या बियांत 'सोफिया' मिसळलाय. रोशाचे दोन प्रकार आहेत, मोतिया आणि सोफिया. उभ्या पिकात डोळ्यांनी ओळखू म्हणाल तर नाही ओळखता येत. मोतियाच्या तेलात 75 ते 85 टक्के जिरॅनिऑल असतं, गुलाबाचा वास त्याचाच. सोफियात ते फार कमी, म्हणून बाजारात त्याला जिंजरग्रास म्हणतात. फुलोऱ्याचा तुरा हातावर चोळून वास घ्या. ज्या झुडपाचा वास सुंठीकडे झुकतो ते आताच उपटा, बी धरायच्या आधी.

निमाड आणि खानदेशचा रोशा एकेकाळी मुंबईहून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, जायचा आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळला जायचा. युरोपात त्याला 'टर्किश जिरॅनियम' म्हणायचे, तुर्कस्तानात त्याचं एक पातही उगवत नसताना! भेसळीचा माल म्हणून ज्याला इतका मान होता, त्याच्यातच आपण भेसळ करायची म्हणजे कमाल आहे.

कापणी फुलोरा पूर्ण आल्यावर करा. तुरा कोवळा असताना जिरॅनिल अॅसिटेट नावाचा दुसरा घटक जास्त असतो, तो पिकत जातो तसं जिरॅनिऑल वाढतं. तेल मुख्यतः तुऱ्यात, मग पानात, दांड्यात जवळजवळ नाहीच. फार खालून कापून दांडे उकळत बसू नका.

प्रश्न, इंदूर: "व्हिडिओत पाहिलं की गवती चहाचं तेल जंतू आणि बुरशी मारतं. मग सोयाबीनवरच्या उंटअळीवर फवारलं तर?"

व्हिडिओतली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. थायमॉल, युजेनॉल, सिट्राल हे रेणू तेलकट असतात, जंतूच्या पेशीचं आवरणही तेलकट. रेणू त्या आवरणात शिरतात, ते गळकं करतात, आतला माल बाहेर येतो. साधारणपणे फिनॉल वर्गातले, म्हणजे ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल, सर्वांत तेज. मग सिट्रालसारखे अॅल्डिहाइड, नंतर जिरॅनिऑलसारखे अल्कोहोल, आणि नुसते हायड्रोकार्बन सगळ्यांत मवाळ. म्हणून 'तुळशीचं तेल' एवढं म्हणून चालत नाही. एका तुळशीत युजेनॉल भरपूर, दुसरीत मिथाइल चॅव्हिकॉल, तिसरीत लिनॅलूल. पाटी एक, औषधं तीन.

पण प्रयोगशाळेत काचेची थाळी झाकलेली असते, वाफ कुठे जात नाही. तुमच्या शेतात ऊन आहे, वारा आहे. ज्या गुणामुळे हे तेल वाफेबरोबर भट्टीतून बाहेर येतं, त्याच गुणामुळे ते पानावरून तासा-दोन तासांत उडून जातं. टिकावं म्हणून मात्रा वाढवली तर पानच जळतं, कारण पानाच्या पेशीलाही आवरण असतं. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. पंपात वर तरंगतं, आणि शेवटच्या दोन ओळींवर नुसतं तेल पडतं. अशा दोन सरी तपकिरी झालेल्या मी पाहिल्या आहेत.

कडुनिंबाचं तेल वेगळं. ते निंबोळी पिळून निघतं, वाफेनं नाही. त्यातलं कीड आवरणारं अॅझाडिरॅक्टिन वाफेबरोबर येतच नाही. कडुनिंबाची पानं भट्टीत उकळून कीटकनाशक बनवायचा विचार असेल तर सोडा. उंटअळीसाठी येत्या खरिपात शेतात पक्ष्यांसाठी टी आकाराच्या खुंट्या लावा, आठवड्यातून दोनदा झाडं झटकून अळ्या मोजा, आणि फवारायचंच ठरलं तर नोंदणीकृत औषधच घ्या. घरचं तेल 'जैविक औषध' म्हणून दुसऱ्याला विकू नका, 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली ते अडचणीत आणतं.

प्रश्न, महू: "पुदिन्याच्या तेलानं बटाट्याला कोंब येत नाहीत, हे खरं का?"

खरं आहे, पण पुदिना कोणता? कोंब रोखायला वापरतात ते कार्व्होन, आणि ते स्पिअरमिंट म्हणजे पहाडी पुदिन्यात असतं. आपल्याकडे मेंथा म्हणून जे पीक जास्त दिसतं, त्यात मेन्थॉल असतं. युरोपात क्लोरप्रोफाम हे कोंब रोखायचं रसायन 2020 मध्ये बंद झाल्यावर तिकडच्या गोदामांत पहाडी पुदिन्याच्या तेलाचं धुकं करू लागले. वाफेनं कोंबाचं कोवळं टोक जळतं. मात्र गोदाम बंद लागतं आणि धुकं परत परत द्यावं लागतं. घरातल्या ढिगावर शिंपडून फक्त भाजीला वास येईल. चिप्सवाल्यांना देणार असाल तर त्यांना आधी विचारा. त्यांचा माल 10 ते 12 अंशांवर ठेवावा लागतो, कारण त्याहून थंडीत साखर वाढते आणि चिप्स काळे पडतात. आणि बियाण्याच्या बटाट्याला हे तेल दाखवूसुद्धा नका.

गव्हाच्या कोठीत ओव्याची पुरचुंडी ठेवणाऱ्या काकूंना: ठेवा, नुकसान नाही. ओव्याच्या तेलात थायमॉल आहेच, 'ओव्याचे फूल' म्हणून मिळतात ते त्याचेच खडे. पण पुरचुंडीतून निघणारी वाफ मोठ्या कोठीला पुरत नाही. गहू दाताखाली कट्कन फुटेल इतका वाळवा, कोठी घट्ट बंद करा, सोंडे त्यानं थांबतील. पेरणीचा गहू असेल तर त्यात थेट तेल घालू नका, उगवण मार खाते.

शेवटचा प्रश्न भट्टीवाल्यांचा: "तेल निघाल्यावर गवताचा चोथा कुठे टाकायचा?" वाळवून भट्टीखाली जाळता येतो, बरेच जण तेच करतात. पण इंदुरात राहून एवढंच करावं हे मला पटत नाही. आज जिथे आपलं कृषी महाविद्यालय आहे, तिथेच 1924 पासून इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचऱ्याचं खत करायची 'इंदूर पद्धत' बसवली. चोथ्याचा थर, वर शेण आणि गोठ्यातली मूत्रानं भिजलेली माती, थोडी राख, परत चोथा. ओल राखा, दोन-तीनदा पालटा. नुसता गवती चहाचा चोथा कुजायला आळशी असतो, म्हणून त्यात सोयाबीनचं भूस किंवा हिरवा पाला मिसळा. तीन महिन्यांत हात घालून बघा, काडी बोटांत मोडली की ढीग उचलायला हरकत नाही.