वेबसाइट सगळ्या ब्राउझरवर तपासायला पायथनमध्ये सेलेनियम शिकू की प्लेराइट? आणि बेळगावात राहून हे काम मिळतं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टचे सर म्हणतात, "क्रोमवर चाललं की झालं, बाकीचं कोण बघतंय?" अगदी हेच वाक्य मी २०१९ मध्ये टिळकवाडीतल्या एका तीन खोल्यांच्या ऑफिसात ऐकलंय आणि त्याचा भुर्दंड मला बसलाय. म्हणून उत्तर लिहायला बसले.

आधी विचारलंय ते सांगते. सेलेनियम आणि प्लेराइट ही दोन्ही ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट तपासणारी साधनं. आज नव्याने सुरुवात करत असाल तर प्लेराइट घ्या, सोबत पायटेस्ट, म्हणजे पायथनमधल्या टेस्ट चालवणारं साधन. एकाच कमांडमध्ये क्रोमियम (क्रोमचा पाया), फायरफॉक्स, वेबकिट (ॲपलच्या सफारी ब्राउझरचं इंजिन, म्हणजे पान दाखवणारा आतला भाग) अशी तिन्ही नावं दिली की तीच टेस्ट तिन्हींवर चालते. सेलेनियम २००४ पासूनचं आहे, प्लेराइट २०२० मध्ये आलं. त्यामुळे जुन्या कंपनीत लागलात तर सेलेनियमच्या टेस्ट सांभाळाव्या लागतील, ते वाचता आणि दुरुस्त करता यायला हवं. दोन्हींत फरक आहेत, पण पंधरा दिवसांत हात बसतो. हातात कुठलं हत्यार आहे यावर माझं काही अडलं नव्हतं. अडलं ते दुसरीकडेच.

आमच्याकडे एका पतसंस्थेचं काम होतं. खातेदाराने लॉगिन करायचं आणि आपली मुदत ठेव बघायची: रक्कम किती, व्याज किती, मुदत कधी संपते, हातात काय येणार. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही भाषांत. टेस्टर मी एकटी. सेलेनियमवर ११२ टेस्ट लिहिल्या होत्या, रोज रात्री क्रोम आणि फायरफॉक्सवर चालायच्या, सकाळी सगळं हिरवं. जूनमध्येच मी आमच्या लीड सरांना म्हटलं होतं, सफारी राहिलंय, जुना का असेना, एक मॅक मिनी घेऊया. सफारीचा ड्रायव्हर, म्हणजे टेस्टच्या हुकमाने ब्राउझर चालवणारा प्रोग्राम, मॅकवरच चालतो आणि विंडोजसाठीचं सफारी ॲपलने २०१२ नंतर पुढे आणलंच नाही. सर म्हणाले, "बेळगावात आयफोन कोण वापरतंय गं? क्रोमवर चालतंय नव्हं? झालं की मग."

खातेदार बेळगावातले होते, मान्य. पण खानापूर, चंदगडकडची कितीतरी पोरं पुण्यात, गोव्यात, बंगळूरला कामाला आहेत. आईवडिलांच्या नावची ठेव गावात आणि ती बघितली जाते पोराच्या फोनवर. शिवाय आपल्याकडे आयफोनवर क्रोम टाकलं तरी आत ॲपलचं वेबकिटच चालतं, चिन्ह तेवढं क्रोमचं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात साइट सुरू झाली. तिसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांच्या जावयाने पुण्याहून आयफोनवरचा स्क्रीनशॉट पाठवला. 'मुदतपूर्ती दिनांक' याच्यापुढे 'इनव्हॅलिड डेट'. 'एकूण देय रक्कम' याच्यापुढे रुपयाचं चिन्ह आणि इंग्रजीत तीन अक्षरं, एन-ए-एन. प्रोग्रामरला त्याचा अर्थ कळतो, 'हा आकडा नाही'. पण पतसंस्थेत जन्माची कमाई ठेवलेल्या माणसाला आपल्या रकमेच्या जागी आकडाच नाही असं दिसलं, तर त्याच्या पोटात काय कालवाकालव होत असेल विचार करा. दुपारपर्यंत काउंटरवर लोक पासबुक घेऊन उभे होते.

सरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू तपासलंस काय? ११२ टेस्ट कसल्या लिहिल्यास?" आणि संध्याकाळी पतसंस्थेला मेल गेली की चूक टेस्टिंगमध्ये राहून गेली. माझ्या नावानिशी. तिची एक प्रत मलाही पाठवली होती. ती मेल अजून माझ्याकडे आहे.

मावसभावाचं मॅकबुक कोल्हापुरात होतं, तो दुसऱ्या दिवशी घेऊन निघणार होता. पण तो २०१९ चा पूर. शिरोलीजवळ हायवेवर पाणी चढलं आणि पुणे-बंगळूर रस्ता काही दिवस बंदच पडला. मॅक येणार नाही हे कळल्यावर रात्री घरच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू होतं त्यात मी एपिफनी नावाचा ब्राउझर टाकला. लिनक्सवरचा साधा ब्राउझर आहे, पण त्याच्या आत वेबकिट आहे. सेलेनियमला त्यासाठीचा ड्रायव्हरही होता. ठेवीचं पान उघडलं आणि तीच तीन अक्षरं समोर आली. पावणेबारा वाजले होते, बाहेर पाऊस. मी आईला उठवून दाखवलं. तिला काय कळणार, पण कुणाला तरी दाखवायचंच होतं.

कारण एवढंसं होतं. डेटाबेसमधून तारीख येत होती ती अशी: वर्ष-महिना-दिवस, मग एक मोकळी जागा, मग वेळ. जावास्क्रिप्टच्या प्रमाणात तारीख आणि वेळ यांच्यामध्ये इंग्रजी टी लागतो. तो नसेल तर काय करायचं हे ज्या त्या ब्राउझरवर सोडलंय. क्रोमने आणि फायरफॉक्सने सांभाळून घेतलं, तेव्हाच्या सफारीने घेतलं नाही. तारीख कळली नाही, म्हणून दिवस मोजता आले नाहीत, म्हणून व्याज नाही, म्हणून रक्कम नाही. वर्ष, महिना, दिवस वेगळे करून दिले आणि सगळं जागेवर आलं. एका ओळीची दुरुस्ती होती.

बाबांनी उद्यमबागेत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला जन्म काढलाय. सकाळी त्यांना सगळं सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "तपासायला गेज कुठला घेतलेला?" गेज म्हणजे माल मापात आहे का ते बघायचं साधन. मला कळेना. मग म्हणाले, "लेथवाल्याकडे असतोय तो शॉप गेज. आमचा इन्स्पेक्शनचा गेज कपाटात वेगळा, कुलपात. माल ज्या गेजवर केला त्याच गेजवर तपासला, तर गेजच झिजलाय हे सांगणार कोण?"

आमच्या पोरांनी पान क्रोममध्ये बघत बघत लिहिलं आणि मीही मुख्यत्वे क्रोमवरच तपासलं. फायरफॉक्स होतं, पण इथे तेही तसंच निघालं.

म्हणून तुमच्या सरांना हे जरूर सांगा. अनेक जण रिपोर्टात क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह असे चार रकाने करतात आणि चार टिका मारतात. एज जानेवारी २०२० पासून क्रोमियमवरच आहे, बाकीचे दोन त्याच्याही आधीपासून. चारही एकच गेज. खरे वेगळे गेज, म्हणजे वेगळी इंजिनं, तीन: क्रोमियमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. रकाने करायचे तर या तिघांचे करा.

आपल्या भागासाठी आणखी एक सांगते, कारण हे इंग्रजी ट्युटोरियलमध्ये मिळत नाही. इथली साइट म्हणजे मराठी आणि कन्नड आलंच. टेस्ट पानातला मजकूर वाचते आणि 'बरोबर' म्हणते, पण मजकूर असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. रात्री टेस्ट चालवणाऱ्या लिनक्स मशीनवर देवनागरी-कन्नड फॉन्ट टाकलेले नसतील तर पडद्यावर नुसते चौकोन येतात, आणि टेस्ट तरीही पास. स्क्रीनशॉट काढून डोळ्यांनी बघितल्याशिवाय हे कळत नाही. नोटो नावाचे फॉन्ट त्या मशीनवर आधी टाका. आमच्या कन्नड पानावर 'सल्लिसि' म्हणजे 'सादर करा' असं बटण होतं. कन्नडमध्ये जोडाक्षरातला दुसरा ल खाली लोंबतो. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांवरून ठरवलेली, त्यामुळे मॅकवरच्या कन्नड फॉन्टमध्ये तो खालचा ल अर्धा कापला जायचा, विंडोजवरच्या निर्मला फॉन्टमध्ये नीट दिसायचा. मराठीत हेच वरच्या बाजूला होतं, रफार आणि वेलांटी-अनुस्वार एकत्र आले की. तेव्हा टेस्टसाठी मजकूर निवडताना 'नाव', 'गाव' असले गुळगुळीत शब्द घेऊ नका. 'दुसऱ्यांची', 'वर्षीं' असलं काहीतरी घ्या.

आकड्यांचंही तसंच. पायथनमध्ये देवनागरी '१२५००' ही अक्षरं थेट इंट फंक्शनला (अक्षरांचा आकडा करणाऱ्याला) दिली तरी बारा हजार पाचशे मिळतात. जावास्क्रिप्टच्या नंबरला तेच दिलं तर एन-ए-एन. म्हणजे तुमची टेस्ट पानावरचा मराठी आकडा छान वाचेल आणि पास होईल, पण पानाला स्वतःचाच आकडा पुढच्या हिशेबात वाचता येत नसेल. आकडा दिसला इथे टेस्ट थांबवू नका. पुढचं बटण दाबा, बेरीज येते का बघा.

टेस्टमध्ये 'पाच सेकंद थांब' असं कधीही लिहू नका. बटण दिसेपर्यंत थांब, रक्कम येईपर्यंत थांब, असं लिहा. प्लेराइट हे बरंचसं आपणहून करतं, सेलेनियममध्ये वेट लिहावा लागतो. पूर्वी क्रोम रात्रीत अपडेट झालं की ड्रायव्हर जुना पडायचा आणि सकाळी सगळ्या टेस्ट लाल. सेलेनियम ४.६ पासून ड्रायव्हर तेच शोधून आणतं, तो त्रास गेला.

वर मी प्लेराइटचं कौतुक केलं, त्याला एक मर्यादा आहे. त्यातलं वेबकिट म्हणजे हुबेहूब सफारी नव्हे. इंजिन तेच, पण आयफोनवर कीबोर्ड वर आल्यावर बटण झाकलं जातं, पत्त्याची पट्टी आत-बाहेर होताना पानाची उंची बदलते, हे त्यात सापडणार नाही. आमची तारखेची चूक मात्र, तेव्हा प्लेराइट असतं तर, त्यात पहिल्याच रात्री सापडली असती, मॅकशिवाय, फुकट. तेव्हा वेबकिट रोज चालवा आणि साइट देण्याआधी कुणाचा तरी खरा आयफोन अर्धा तास मागून घ्या. आणि सगळंच ऑटोमेट करायच्या मागे लागू नका. पैसे आणि तारखा जिथे दिसतात ती पानं आधी.

कामाचं म्हणाल तर, माझ्या बघण्यात इथल्या छोट्या ऑफिसांत वेगळा टेस्टर ठेवायची पद्धत कमीच, जो लिहितो तोच तपासतो. मी ते ऑफिस सहा महिन्यांत सोडलं आणि आता पुण्याच्या एका कंपनीचं काम वडगावातल्या घरातून करते. आठवड्यातून एकदाच ऑनलाइन मीटिंग. तुमचं कसं जमेल ते तुमच्या ओळखींवर आणि थोडं नशिबावर आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून करा. सफारी राहिलंय हे मी जूनमध्ये सरांना तोंडी सांगितलं होतं. लिहून दिलं असतं तर ती मेल माझ्या नावाने गेली नसती. आता माझ्या प्रत्येक रिपोर्टात सगळ्यात वर, किती टेस्ट पास झाल्या त्याच्याही आधी, काय तपासलेलं नाही आणि का नाही ते लिहिलेलं असतं. तुमच्या प्रोजेक्टच्या रिपोर्टातही तसं लिहा, आणि सरांकडे जाल तेव्हा वेबकिटचा निकाल वेगळ्या पानावर छापून न्या. काही फुटलं असेल तर त्याचा स्क्रीनशॉटसुद्धा, रंगीत.