भिंतीपलीकडचा मिक्सर
नवीन राहायला आलात ना, मग शेजारून आवाज आला की लगेच सोसायटीच्या सेक्रेटरीकडे धावू नका. आधी आवाज नक्की कुठून येतो ते बघा. आमच्याकडे पहाटे साडेपाचला घरघर व्हायची. मी वरच्या मजल्यावरच्यांवर चिडून. निघाला शेजारच्या वहिनींचा मिक्सर! ओट्यावर अगदी भिंतीला टेकवलेला. चार बोटं पुढे ओढला, खाली जुना टॉवेल घडी करून घातला, निम्मी घरघर गेली.

बोलायला जाल ते संध्याकाळी, निवांत. आवाज चालू असताना तणतणत नको.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर वाजला तर मात्र सरळ ११२ फिरवा. सणासुदीला सरकार कधी बारापर्यंत सूट देतं, ते दिवस सोडा. आणि तान्हं बाळ रडत असेल तर कानात कापूस घालून झोपा.