चित्राआधी भिंत पाहावी

शहरांतील भित्तिचित्रांविषयीचा लेख गेल्या अंकात प्रसिद्ध झाल्यावर वाचकांची बरीच पत्रे आली. चित्रे चांगली की वाईट, यापेक्षा परवानगी, पाऊस, मालकी आणि पैसा या गोष्टींविषयीच बहुतेकांनी विचारले आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या रस्त्याकडील कुंपणभिंतीवर आम्ही तीन वर्षांपूर्वी हौसेने चित्रे काढून घेतली. दुसऱ्याच पावसाळ्यात रंगाचे पोपडे सुटले. आता पुन्हा रंगवायचे ठरत आहे. कोणता रंग वापरावा? महापालिकेची परवानगी लागते का? (ठाणे)

उत्तर : रंग कोणता, हा प्रश्न शेवटी येतो, आधी भिंतीत पाणी कुठून येते ते शोधावे लागते. कुंपणभिंतीच्या तळाकडील दीड-दोन फुटांत बोट फिरवून पाहा. पांढरी पिठासारखी भुकटी हाताला लागली, तर भिंतीला लोणा धरला आहे असे समजावे. ओल वर चढताना विरघळलेले क्षार बरोबर आणते, पाणी वाळते, क्षार मागे राहतात आणि तेच रंगाला आतून ढकलून बाहेर काढतात. दुसरी सोपी परीक्षा अशी की, फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दिवसभर भिंतीवर ठेवावा. संध्याकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव जमलेले दिसले, तर त्या भिंतीवर कितीही महागडा रंग लावला तरी तो टिकणार नाही.

सोसायट्यांच्या बाबतीत दोष बहुधा आतल्या बाजूला असतो. कुंपणाला लागून बाग केलेली असते, मातीची पातळी बाहेरच्या पदपथापेक्षा उंच असते आणि रोज घातलेले पाणी भिंत शोषून घेत राहते. तिथे माती मागे सरकवणे, पाणी बाहेर पडण्यासाठी भिंतीत नळ्या ठेवणे आणि भिंतीच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना थोडे पुढे आलेले, उताराचे कोपिंग करून त्याच्या खालच्या कडेला पागोळी तोडणारी खाच ठेवणे, ही तीन कामे चित्रकाराला बोलावण्याआधी गवंड्याकडून करून घ्यावीत. नवा गिलावा केला असेल, तर तो किमान चार आठवडे मुरू द्यावा, कारण ताज्या सिमेंटमधला अल्कली रंगद्रव्यांना खातो. घराच्या आत वापरतात ती साधी पुट्टी बाहेर अजिबात वापरू नये. ऑइलपेंटचा मोहही टाळावा. तो चकचकीत दिसतो हे खरे, परंतु त्याच्यामागे अडकलेल्या ओलीला वाट मिळत नाही आणि फोड येतात. बाहेरच्या भिंतींसाठीचा प्राइमर आणि त्यावर अॅक्रिलिक इमल्शन, एवढे पुरेसे असते. काम दिवाळीनंतर सुरू करून होळीपूर्वी संपवावे.

रंगांच्या निवडीबद्दल दोन गोष्टी. भडक गुलाबी, जांभळे आणि काही लाल रंग पश्चिमेच्या उन्हात लवकर उडतात. गेरू, पिवळी माती, काळा आणि पांढरा हे वर्षानुवर्षे तग धरतात. भिंतीचा खालचा दोन फुटांचा पट्टा चित्रातून वगळून गडद, सपाट रंगाचा ठेवावा, कारण वाहनांनी उडवलेला चिखल आणि पिचकाऱ्या तिथेच येणार आहेत आणि तो पट्टा दरवर्षी हजार-दोन हजारांत पुन्हा रंगवता येतो. माझे स्पष्ट मत असे की, एकूण रकमेतली निम्मी रक्कम भिंतीच्या दुरुस्तीवर खर्च करण्याची तयारी नसेल, तर चित्र काढूच नये.

परवानगीविषयी : भिंत सोसायटीच्या मालकीची असेल, तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्यावा. आपल्या पत्रात शेजारच्या दुकानदाराने खर्चाचा वाटा उचलण्याची तयारी दाखवल्याचा उल्लेख आहे. त्याच्या मोबदल्यात दुकानाचे नाव चित्रात येणार असेल, तर ती जाहिरात ठरू शकते आणि जाहिरातीला महापालिकेची परवानगी लागते. चित्राचा विषय काहीही असो, हे आधीच विचारून घ्यावे.

प्रश्न : मी कला महाविद्यालयात शिकतो. पडीक, मालकाचाही पत्ता नसलेल्या इमारतींवर रात्री जाऊन स्प्रेने काम करणे हा गुन्हा आहे का? त्या भिंतीवर निवडणुकीची घोषणा चालते आणि माझे चित्र चालत नाही, हा न्याय कोणता? (पुणे)

उत्तर : घोषणाही चालत नाही, कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे. मालमत्तेचे विद्रूपण रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९९५चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि त्यात दंड व कारावास या दोन्हींची तरतूद आहे. लोकांच्या नजरेस पडणारी जागा, हा त्यातला निकष आहे. इमारत पडीक आहे किंवा मालक समोर येत नाही, एवढ्याने सुटका होत नाही. रेल्वेच्या हद्दीत शिरलात, तर अनधिकृत प्रवेशाचा वेगळा गुन्हा होतो, शिवाय जीव जाण्याचा धोका असतो तो निराळाच. संरक्षित स्मारकांचे कायदे याहून कडक आहेत. गडांच्या तटांवर बदाम कोरून नावे लिहिणाऱ्यांना आपण कलावंत म्हणत नाही, आणि त्यांच्या पंक्तीला बसण्याची आपलीही इच्छा नसावी.

अंमलबजावणी सारखी होत नाही, ही आपली तक्रार मात्र रास्त आहे. नेत्यांच्या वाढदिवसांचे फलक आणि घोषणा महिनोन्‌महिने राहतात आणि विद्यार्थ्याचे चित्र दोन दिवसांत पुसले जाते, हे सर्वांनी पाहिले आहे. विनापरवाना कामाची स्वतःची परंपरा आहे, तिचा चावरेपणा परवानगीच्या चित्रात उतरत नाही, हेही मला मान्य आहे. वांद्र्यात टायलर या टोपणनावाने स्टेन्सिलची, म्हणजे कापलेल्या साच्यावरून रंग मारून केलेली, उपरोधिक चित्रे काढणारा अज्ञात कलावंत याच कारणाने लक्षात राहिला. परंतु आपण शिकत असताना हाताला खरी गरज असते ती मोठ्या पृष्ठभागावर, दिवसाउजेडी, सावकाश काम करण्याची. परांचीवर उभे राहून वीस फुटांचा चेहरा आखताना प्रमाण कसे ढळते, हे रात्रीच्या घाईत शिकता येत नाही. कसबा पेठेत हर्षवर्धन कदम या चित्रकाराने २०१२च्या सुमारास सुरू केलेल्या उपक्रमातली चित्रे जुन्या घरांच्या भिंतींवर कशी बसवली आहेत, ते एकदा गल्लीगल्लीतून फिरून पाहावे. मुंबईत २००९ साली तुळशी पाइप रस्त्यालगतच्या रेल्वेच्या लांबलचक भिंतीवर सामान्य नागरिकांनी आणि विद्यार्थ्यांनी चित्रे काढली, तीही परवानगीनेच. परवानगी मागितल्यावर नकारच मिळतो, हा समज दर वेळी खरा ठरत नाही.

प्रश्न : एका खासगी संस्थेच्या इमारतीवर मी दोन महिने राबून भित्तिचित्र काढले होते. चार वर्षांनी, मला न कळवता, त्यांनी त्यावर पांढरा रंग मारला. पैसे मला पूर्ण मिळाले होते. तरीही माझा काही हक्क उरतो का? (कोल्हापूर)

उत्तर : उरतो, पण किती, हे सांगताना हात आखडता घ्यावा लागतो. कॉपीराइट कायदा, १९५७ यातील कलम ५७ कलावंताला एक खास हक्क देते. कृती विकली, पैसे मिळाले, कॉपीराइटही दुसऱ्याला दिला, तरी ती आपली आहे असे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा तिच्या मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो.

या कलमावरचा सर्वांत महत्त्वाचा निकाल भित्तिशिल्पाचाच आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सहगल यांनी घडवलेले सुमारे १४० फूट लांब आणि ४० फूट उंच कांस्यशिल्प होते. १९७९ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी ते उतरवून गोदामात टाकण्यात आले. त्यात त्याचे तुकडे झाले आणि काही भाग गहाळ झाले. सहगल यांनी १९९२ मध्ये सरकारवर दावा लावला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले अवशेष त्यांना परत करण्याचा व ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कृतीचा नाश हे तिच्या मोडतोडीचेच टोकाचे रूप आहे, अशी त्या निकालाची भूमिका होती.

एवढ्यावरून हुरळून जाऊ नये. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह २०१७ मध्ये पाडले गेले, तेव्हा त्याचे वास्तुरचनाकार राज रेवाल हेही याच कलमाचा आधार घेऊन न्यायालयात गेले; २०१९ मध्ये त्याच उच्च न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला आणि आपल्या जागेवरची इमारत पाडण्याचा मालकाचा हक्क वरचढ मानला. आपले चित्र या दोन निकालांच्या मधल्या जागेत येते : इमारत उभी आहे, मालक खासगी आहे, पुसलेली कृती परत मिळण्याजोगी नाही. वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. मात्र खटल्याची वर्षे आणि पदरात पडणारी रक्कम यांचा हिशेबही त्यांच्याकडूनच मांडून घ्यावा.

पुढच्या कामासाठी सांगतो. आपल्याकडे चित्रकार दर ठरवतात, आगाऊ रक्कम घेतात आणि कामाला लागतात. चित्राचे पुढे काय, हे कागदावर येत नाही. चित्र किमान किती वर्षे ठेवायचे, डागडुजी कोणी व कोणाच्या खर्चाने करायची, पुसण्यापूर्वी किती दिवस आधी कळवायचे आणि चित्रकाराला शेवटची छायाचित्रे घेऊ द्यायची की नाही, एवढ्या चार ओळी एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, तर कलम ५७ची पाळी बहुधा येत नाही. ज्या इमारतींचा पुनर्विकास दारात आहे, तिथे तर हे हवेच.

प्रश्न : मी कापडी पिशव्यांचा घरगुती व्यवसाय करते. रस्त्यावरच्या भित्तिचित्रांचे मी स्वतः काढलेले फोटो पिशव्यांवर छापले तर चालेल ना? चित्रे तर सार्वजनिकच आहेत. (डोंबिवली)

उत्तर : चालणार नाही. सार्वजनिक जागी कायम असलेल्या पुतळ्याचे किंवा इमारतीचे छायाचित्र छापायला आपला कायदा मुभा देतो, रंगवलेल्या चित्राला मात्र ती मुभा लागू नाही. सिनेमात अशी भिंत दिसली तर हरकत नाही, पिशवीवर ती छापून विकायची असेल तर चित्रकाराची लेखी संमती हवी. चित्राच्या कोपऱ्यात बहुधा सही असते, विचारा. थोड्या मोबदल्यात आनंदाने होकार देणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न : आमच्या टेकडीवरच्या वस्तीतली घरे एका उपक्रमात बाहेरून रंगीबेरंगी केली. लोक फोटो काढायला येतात. आमच्या घरात मात्र पूर्वीसारखेच गळते. याला सुशोभीकरण म्हणावे का? (मुंबई)

उत्तर : आपला प्रश्न या सर्वांत अवघड आहे. घाटकोपरजवळच्या असल्फा टेकडीवरची घरे 'चल रंग दे' उपक्रमात स्वयंसेवकांनी रंगवली आणि २०१८च्या सुरुवातीला मेट्रोतून दिसणाऱ्या त्या टेकडीची तुलना इटलीतल्या पोझितानो या टेकडीउतारावरच्या रंगीत घरांच्या गावाशी होऊ लागली. रहिवाशांतही काहींना आपल्या वस्तीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागल्याचे समाधान मिळाले असेल, आणि ते खोटे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. परंतु दूरवरून, मेट्रोच्या खिडकीतून कसे दिसते, हा निकष ठरला की घराच्या आतला माणूस हिशेबातून सुटतो. पत्र्याच्या छपराला आणि विटांच्या पातळ भिंतीला त्याच रंगाच्या डब्यासोबत जलरोधक थर दिला असता, तर फोटो तेवढेच छान आले असते आणि आपल्या घरात बादल्या मांडाव्या लागल्या नसत्या.

संमतीचा मुद्दाही आहे. २०१७ मध्ये ससून डॉकवर, म्हणजे १८७५ मध्ये बांधलेल्या आणि आता मासळीचा व्यवहार चालणाऱ्या गोदीत, कलाप्रदर्शन भरले, तेव्हा तिथे काम करणाऱ्या कोळणींची आणि कामगारांची मोठी छायाचित्रे भिंतींवर चिकटवण्यात आली होती. ज्यांची जागा, त्यांचेच चेहरे, हा विचार मला पटतो. आपल्या वस्तीत पुन्हा कोणी रंगाचे डबे घेऊन आले, तर कोणता रंग हे विचारू देण्याआधी गळती, गटार आणि जिन्याचा कठडा यांची यादी त्यांच्या हाती द्यावी आणि वस्तीतल्याच पोरांना रोजंदारीवर कामाला घेण्याची अट घालावी.

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर वारली चित्रे काढून घ्यायची आहेत. गावातला पेंटर स्टेन्सिलने काढून देतो म्हणतो. (कणकवली)

उत्तर : स्टेन्सिलची तीच तारपा या वाद्याभोवती नाचणाऱ्यांची गोल रांग आता पेट्रोलपंपापासून प्रसूतिगृहापर्यंत सगळीकडे आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तीच हवी असेल, तर पालघरकडचा वारली कलाकार बोलवावा आणि त्याला शाळेचा, गावाचा प्रसंग स्वतःच्या हाताने रंगवू द्यावा. पण कणकवलीकरांना एवढ्या दूर जायची गरज काय? कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर कावी काम आहे : चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा चुना दाखवायचा. नक्षी गिलाव्यातच कोरलेली असल्याने इथल्या पावसालाही ती दाद देत नाही. जाणता कारागीर मिळाला, तर इयत्ता आठवी-नववीच्या मुलांना त्याच्या हाताखाली चार दिवस बसवावे आणि सुरुवात पडवीतल्या, पावसापासून आडोसा असलेल्या भिंतीने करावी.