चोणक गळाला लागतो तेव्हा सगळ्यात थरारक क्षण कोणता?

चोणक लुअरवर, म्हणजे गळ लावलेल्या नकली माशावर, हल्ला करतो तो क्षण, त्याला तोड नाही. चोणक म्हणजे तिकडे कोकणातला जिताडा, एशियन सी बास, आणि हा मासा भक्ष्याला चावत नाही, जबडा एकदम उघडून पाण्यासकट आत ओढतो, त्यामुळे पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी लुअर, वरच्यावर चालवत असाल तर आधी 'फट्ट' असा मोठा आवाज येतो, लुअर होती तिथे नुसता भोवरा दिसतो आणि रॉड वाकेपर्यंत आपल्याला काय झालं ते कळतही नाही. मी गोव्यात झुआरी आणि मांडवी नद्यांच्या कडेला खारफुटीत गळ टाकतो. ओहोटीला मानशीतून, म्हणजे बांधाच्या झडपेतून, खाजणाचं (बांध घातलेल्या खाऱ्या सखल जमिनीचं) पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर सुंगटं (कोळंबी) आणि बारकी मासळी वाहत येते आणि चोणक तिथेच टपून असतो, हल्ला बघायचा तर हीच वेळ. लगेच पुढची उडी, अख्खा मासा पाण्याबाहेर, तोंड उघडं, डोकं झटकत, तेव्हा लाइन सैल सोडलीत तर गळ सुटलाच समजा, शिवाय गालफडाची कड सुरीसारखी असते म्हणून लीडर, म्हणजे लाइनचा गळाजवळचा तुकडा, जाडच लावा. फक्त एक, हे सगळं उथळ पाण्यातलं. पुलाजवळ खोल पाण्यात जिवंत सुंगट लावून बसलात तर हल्ला दिसत नाही, नुसता ओढा जाणवतो, तिथे खरी मजा पहिल्या उडीची.