हळदीचं क्षेत्र वाढवण्यासाठी मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडावी का?

प्रश्न: वसमत तालुक्यात साडेचार एकर जमीन, विहीर आणि ठिबक आहे. दीड एकर सेलम जातीची हळद, बाकी सोयाबीन-हरभरा. गेल्या हंगामात एकरी २२ क्विंटल वाळलेली हळद निघाली, क्विंटलला १३ हजारांनी गेली. बाहेरच्या देशांत हळदीची मागणी वाढतेय. एका निर्यातदाराचा माणूस येऊन गेला. सेंद्रिय माल द्या, बाजारभावावर वीस टक्के जास्त देतो म्हणाला. येत्या मे महिन्यात चार एकर हळद लावायचा विचार आहे. त्यासाठी मुलीच्या इंजिनिअरिंगची पाच लाखांची मुदत ठेव मोडायची आणि ४ लाख ८० हजारांचा बॉयलर-पॉलिशरचा संच कर्जावर घ्यायचा. प्रवेश पुढच्या वर्षी जुलैत आहे. पीककर्ज १ लाख ८० हजार मिळतं. सध्या शिजवणी-पॉलिशचं भाडं क्विंटलला ५५० रुपये पडतं.

उत्तर: ठेव मोडू नका, संच घेऊ नका. हळद वाढवायला हरकत नाही, पण सव्वादोन एकरांपर्यंतच.

आधी त्या ‘जगाच्या मागणी’बद्दल. मागणी वाढतेय हे खरं आहे. जानेवारी २०२५ मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं, २०३० पर्यंत निर्यात एक अब्ज डॉलरवर न्यायचं सरकारी उद्दिष्टही आहे. पण २०२२-२३ चे आकडे बघा. देशात हळद पिकली सुमारे ११ लाख ६१ हजार टन, बाहेर गेली सुमारे १ लाख ५३ हजार टन. म्हणजे साधारण आठवा हिस्सा. बाकी सगळी इथेच खपते, त्यामुळे तुमच्या मोंढ्यातला भाव आपल्याकडची लागवड, पाऊस आणि शिल्लक साठा यांवरच जास्त हलतो. त्या वर्षीच्या निर्यातीची किंमत २० कोटी ७४ लाख डॉलर होती. किलोला सव्वा ते दीड डॉलर. परदेशातल्या दुकानात हळदीच्या गोळ्यांची बाटली कितीलाही जाऊ दे, आपल्या बंदरातून माल या दराने सुटतो.

भाव चढला की सगळेच लावतात, आणि नऊ महिन्यांनी सगळ्यांचा माल एकदमच येतो. २०१० मध्ये हळद सोळा हजारांवर गेली होती, २०१२ मध्ये चार हजारांच्या घरात आली. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात किनोआ या धान्याचं असंच झालं. परदेशी मागणीमुळे भाव चढले, डोंगरातल्या छोट्या शेतकऱ्यांचं हे जुनं पीक किनारपट्टीवरचे मोठे बागायतदारही घेऊ लागले, २०१४ मध्ये उत्पादन एका वर्षात दुपटीवर गेलं आणि पुढच्या दोन वर्षांत भाव निम्म्यावर आला. बागायतदार दुसऱ्या पिकाकडे वळले. डोंगरातल्यांना ती सोय नव्हती.

आता तुमचा हिशेब. चार एकरांना बेणं (लावायचे गड्डे) विकत घ्यावं लागेल. एकरी दहा क्विंटल, चार हजारांनी धरलं तर ४०,००० (तेजीच्या वर्षात बेणंही महाग असतं, हे विसरू नका). गादीवाफे आणि शेणखत १८,०००, खतं २७,०००, खुरपणी-भरणी २२,०००, फवारणी-आळवणी (मुळाशी औषध ओतणं) ८,०००, काढणी २६,०००, शिजवणी-वाळवणी-पॉलिश १४,०००. झाले १ लाख ५५ हजार. २२ क्विंटल उतारा धरला तर सात हजार रुपये क्विंटलला तुमचा फक्त खर्च निघतो.

भाव १३ हजार राहिला तर चार एकरांत सव्वापाच लाख सुटतील, हे मान्य. सहा हजारांवर आला तर ९० हजारांचा तोटा. आणि ऑगस्टच्या झडीत वाफ्यांत पाणी साचून कंदकुज लागली, उतारा १५ क्विंटलवर आला आणि भाव सात हजार मिळाला, तर काढणीचा खर्च थोडा वाचूनही दीड लाखाच्या वर खड्डा. हळदीला हमीभाव नाही, आपल्या राज्यात खरीप पीकविम्याच्या यादीतही ती नाही. हा खड्डा तुम्हालाच भरावा लागेल.

मला त्याहून जास्त काळजी तारखांची वाटते. मे महिन्यात पैसे जमिनीत जातील, माल तयार होईल मार्च-एप्रिलला, आणि जुलैत फी. भाव पडलेला असला तरी तुम्हाला विकावंच लागेल. २०२३ मध्ये मार्च-एप्रिलला सहा-सात हजारांच्या आसपास असलेली हळद ऑगस्टमध्ये पंधरा हजारांच्या पुढे गेली. ज्यांना एप्रिलमध्ये देणी भागवायची होती त्यांचा माल तोवर व्यापाऱ्याच्या गोदामात पोचला होता. तुमची पाच लाखांची ठेव म्हणजेच तुमची थांबायची ताकद. ती बेण्यात घातली की भाव चढूनही उपयोग नाही.

साडेचारपैकी चार एकर हळद झाली तर दिवाळीला सोयाबीनचा पैसाही येणार नाही. शिवाय पुढच्या वर्षी फेरपालट करायला रान उरत नाही, आणि हळदीवर हळद घेतली की कंदकुज हमखास वाढते. सव्वादोन एकर म्हणजे बरोबर अर्धं रान. एका वर्षी या अर्ध्यात, पुढच्या वर्षी त्या अर्ध्यात.

बेणं घरचंच ठेवा. काढणीच्या वेळी कूज न लागलेल्या वाफ्यांतले जेठे (मधले मोठे) गड्डे वेगळे काढा, सावलीत ढीग घाला, वर हळदीचाच पाला टाका. घट धरून २८ ते ३० क्विंटल ठेवा, सव्वादोन एकरांना पुरेल. रोख खर्च एकरी १ लाख १५ हजारांवर येतो. बेण्यात गेलेला माल वजा धरला तरी पावणेसहा हजारांत खर्च निघतो. एकूण लागतील २ लाख ६० हजार. पीककर्जाची मर्यादा पीकवार दराने ठरते आणि हळदीचा दर सोयाबीनपेक्षा बराच जास्त असतो. वाढीव क्षेत्र दाखवून मर्यादा वाढवून मागा, ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या सरकारी पीकनोंदीत) हळदीची नोंद न चुकता करा. तीन लाखांच्या आत राहून वेळेत फेडलंत तर केंद्राची आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मोडलेल्या ठेवीपेक्षा स्वस्त पैसा हाच.

संचाचं गणित तर अजिबात बसत नाही. चार एकरांचे ८८ क्विंटल. डिझेल, जळण, मजुरी वजा जाता भाड्यातले क्विंटलमागे अडीचशे वाचले, तर वर्षाला २२ हजार. सवलतीचं कर्ज सात टक्क्यांनी मिळालं असं धरलं तरी पहिल्या वर्षीचं नुसतं व्याज ३३,६००. सात वर्षांत मुद्दल फेडायचं तर वर्षाला चारशे क्विंटल, म्हणजे अठरा-एकोणीस एकरांचा माल त्या यंत्रातून निघायला हवा. आठ-दहा जणांचा गट असेल तर जरूर करा, आणि कर्ज गटाच्या नावावर घ्या. त्याऐवजी पंधरा-वीस हजार ताडपत्री आणि वाळवणीच्या पक्क्या खळ्यावर घाला. ओलावा दहा टक्क्यांच्या खाली आला, हळकुंड मोडताना कडक आवाज झाला, की मगच पोती भरा. ओली भरलेली हळद गोदामात काळी पडते आणि भुंगा लागतो.

निर्यातदाराच्या माणसाला काही गोष्टी कागदावर मागा. वीस टक्के कुठल्या बाजाराच्या, कुठल्या दिवसाच्या भावावर? करक्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) किती टक्के हवं? सेलमचं चारच्या आसपास असतं. पाचची अट असेल तर तुमचा माल नापास होणारच. तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत, खर्च कोणाचा, नापास माल परत आणायचं भाडं कोणाचं, पैसे किती दिवसांत? सेंद्रियचा दाखला निर्यातीसाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचाच लागतो, पीजीएस (शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांना दिलेला दाखला) चालत नाही. हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षं रूपांतराची जातात. त्या काळात उतारा घटतो आणि भाव साधाच मिळतो. कंदमाशीसाठी क्लोरपायरीफॉसची आळवणी करत असाल तर तीही थांबवावी लागेल. युरोपने २०२० मध्येच त्याची मान्यता काढली. फार तर अर्धा एकर यासाठी वेगळा ठेवा.

विक्री तीन टप्प्यांत करा. पहिला तिसरा हिस्सा एप्रिलमध्ये विकून पीककर्ज भरा. दुसरा बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत टाका: किमतीच्या ७५ टक्के रक्कम, सहा टक्के व्याज, १८० दिवस. हंगाम सुरू व्हायच्या आधीच समितीत जाऊन यंदा योजना चालू आहे का आणि गोदामात जागा आहे का ते विचारून या. तिसरा जुलै-ऑगस्टपर्यंत घरी. मुलीची फी ठेवीतून जाईल. ठेवीची मुदत प्रवेशाच्या महिनाभर आधी संपते का ते आत्ताच बघा आणि नूतनीकरण करताना तशीच मुदत घ्या, नाहीतर तिथेही मोडणीचा दंड बसेल.