मोआबला पहिल्यांदा निघताय? आधी नकाशा बघा

गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे, टायर नवे आहेत, हे उत्तमच. पण अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वाळवंटात जाणाऱ्याला मी गाडीआधी नकाशाबद्दल विचारतो. मोआबजवळच्या लॅबिरिंथ रिम्स आणि जेमिनी ब्रिजेस भागात बीएलएमने, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याने, २०२३ मध्ये सुमारे ३१७ मैलांचे रस्ते मोटारींना बंद केले. जुन्या ॲपमध्ये ते अजून दिसू शकतात. असे निर्णय पुढे बदलतातही, म्हणून निघण्याच्या आठवड्यात स्थानिक कार्यालयाचा ताजा नकाशा डाउनलोड करा. तिथे रेंजचा भरवसा नाही.

पाटी दिसली नाही म्हणजे रस्ता खुला, असं समजू नका. पाट्या मोडतात, काही जण उपटूनही टाकतात, आणि त्याचा मला फार राग येतो.

वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत माती दिसेल. ती जिवंत असते. सूक्ष्मजीव, शेवाळं आणि दगडफुलाच्या जातीचे जीव वाळू धरून ठेवतात. तिच्यावरून एकदा चाक गेलं की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. वर मागचा माणूस तोच माग धरतो आणि नसलेला रस्ता तयार होतो. समोरून गाडी आली तर मागे घ्या, पण बाजूला उतरू नका.

वाळूत टायरची हवा कमी करा, परत भरायला कॉम्प्रेसर ठेवा. पाणी माणशी रोज किमान चार लिटर.

एखादी बंदी पटली नाही, तर खातं हरकती मागवतं तेव्हा रस्त्याचा क्रमांक देऊन तो का हवा ते मुद्देसूद लिहा.