मुलगी दुसरीत आहे. पडलेल्या रोबोटला "लागलं का रे?" विचारते. काळजीचं आहे का?

अजिबात नाही, या वयात हे स्वाभाविक आहे. नाशिकला मी मुलांना रोबोटिक्स शिकवते. सेल उतरून रोबोट थांबला की लहानगी म्हणतात "दमला तो", नववीतली सरळ स्क्रू-ड्रायव्हर उचलतात. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही ९, १२ आणि १५ वर्षांच्या ९० मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांना रोबोटला भावना असतात असं वाटलं, त्यातल्या १५ वर्षांच्यांना कमी. तिची माया खरी आहे, हसून मोडू नका. लक्ष ठेवायचं ते विश्वासावर: २०१८ च्या एका प्रयोगात ७ ते ९ वर्षांची मुलं रोबोटांचं धडधडीत चुकीचं उत्तर ऐकून आपलंही बदलत होती, मोठी माणसं नाही. म्हणून रोबोटने गणित सांगितलं तरी "वहीत करून बघ" म्हणा.